डोळ्यांच्या साथीतल्या डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाई रस्त्याने येताना दिसल्या की लोक हातातलं काम जरा आवरतं घ्यायचे. बाईंची भीती कुणालाच नव्हती. पण त्यांना काही वेगळं दिसलं की त्या थांबणार, थांबल्या की विचारणार, आणि उत्तर पटेपर्यंत जागच्या हलणार नाहीत, हे साऱ्या भिवंडीला माहीत झालं होतं. धामणकर नाक्यावर एकदा त्यांनी सुताची हातगाडी अशी थांबवली, की मागे टांगे, ट्रक, सायकली यांची ही रांग लागली. गाडीवाल्याच्या एकाच पायात चप्पल होती. बाईंना हवं होतं एवढंच, की असं का?

"ये पाँव ब्रेक है, बाई," तो म्हणाला. उतारावर गाडी रोखायची तर तोच पाय रस्त्यावर घासायचा, म्हणून त्यात चप्पल. "दूसरे का क्या काम?"

बाईंनी त्याला ते करून दाखवायला लावलं. त्याने दाखवलं. मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता, त्याच्याकडे वळून बाई म्हणाल्या, "सुना क्या? ब्रेक है!" आणि खूश होऊन चालायला लागल्या.

मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. नगरपालिकेच्या दवाखान्यात आम्ही दोघी, एक कंपाउंडर आणि एक शिपाई. माझं माहेर कोन गावात, सासर नारपोलीत. आमच्या समाजातली नर्स झालेली मी आमच्या आळीतली पहिलीच. नवी डॉक्टरीण काय विचारेल, आडनाव ऐकून कपाळाला आठी पडेल का, याची मनात तयारी करून रुजू व्हायला गेले होते. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोनहून इकडे येताना खाडीचा वास कुठपर्यंत येतो?"

मी गडबडले. म्हटलं, "वाऱ्यावर आहे बाई."

"बरोबर. मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या, आणि मला सिरिंज उकळायला बसवलं. मुलाखत संपली.

बाई पन्नाशीच्या. उंच, खांदे रुंद, केस मानेवर कापलेले. त्या काळात भिवंडीत केस कापलेली बाई म्हणजे एकतर सिनेमात, नाहीतर टायफॉइडमधून उठलेली. अंगावर सुती पातळ आणि पायात पुरुषांचे, नाड्यांचे, पांढरे कॅनव्हासचे बूट. बाराही महिने काळी छत्री. एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी माडीवरची खोली घेऊन राहायच्या. लग्न झालं होतं की नव्हतं, कुणाला ठाऊक नाही. कंपाउंडर सांगायचा, नवरा मिलिटरीत होता. शिपाई सांगायचा, नवरा जिवंत आहे आणि पुण्यात दुसरीबरोबर राहतो. मी दोघांचं ऐकायची आणि बाईंच्या बुटांकडे बघत बसायची.

रोगी आला, 'बाई, पोटात दुखतंय' म्हणाला, की बाईंचं ठरलेलं वाक्य, "ते नंतर. आधी मला सांगा." आणि मग कुठे काम करता, घरात पाणी कोण भरतं, काल मासळी कुणाकडून घेतली. लोक चिडायचे. आत एक रोगी अर्धा अर्धा तास आणि बाहेर ओळ उन्हात. एकदा एका बाईच्या लेकराच्या गळ्यातला ताईत हातात घेऊन त्यांनी विचारलं, "यात काय असतं?" ती बाई कावरीबावरी होऊन लेकरू पदराखाली घ्यायला लागली. तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, मला माहीत नाही म्हणून विचारते. रागावले असते तर विचारलंच नसतं." ती बाई मग खुलली, आणि ताईत कुणी दिला इथपासून सासूशी भांडण का झालं इथपर्यंत सगळं बोलली. भांडणाचं मूळ दूध निघालं. पोराला दूध पाजायची बाटली दिवसदिवस धुतली जात नव्हती, हे त्यातून कळलं.

सकाळचं वर्तमानपत्र बाई न्हाव्याच्या दुकानात वाचायच्या. नाक्यावर उत्तर प्रदेशातल्या एका चाचांचं सलून होतं. दाढीला बसलेले पुरुष आणि बाकावर, त्यांच्या ओळीत, डॉक्टरीण. पहिल्या दिवशी म्हणे अर्धी गिऱ्हाईकं उठून गेली होती. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, पेपर दवाखान्यात मागवता येईल की."

"तिथे नुसता पेपर येईल," बाई म्हणाल्या. "त्यावर कोण काय बोलतं ते कसं येणार?"

डोळ्यांच्या साथीची पहिली बातमी त्यांनी तिथेच वाचली. बांगलादेशची लढाई झाली त्या वर्षीचा उन्हाळा. साथ आफ्रिकेत सुरू झाली, जहाजांबरोबर देश फिरत फिरत आली आणि आता मुंबईत शिरली, असं छापलं होतं. डोळे लालभडक होतात, सुजतात, रात्रीत चिकटून बसतात. चाचांचं म्हणणं, हे चंद्रावर माणूस उतरल्यामुळे झालं. "वहाँ की धूल है डॉक्टरनी साहब. जूते में लग के आ गई." बाईंनी हे निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "फिर भिवंडी में कायसे आयेगी?"

चाचा हसले. "मुंबई से सूत का ट्रक आता है ना."

"ये बराबर है," बाई म्हणाल्या.

ट्रकने आली की कशी ते देव जाणे, पण आठवडा झाला नाही तोच आली. आधी एका खोलीतले दोघे, मग अख्खी चाळ. आमच्या दवाखान्याची ओळ नाक्यापर्यंत गेली. सगळे डोळ्यांना हात लावून, मान खाली घालून उभे. मरत कुणी नव्हतं. म्हणूनच ही साथ कुणी मनावर घेत नव्हतं. पण आमच्या गावाची गोष्ट वेगळी होती. भिवंडी चालते लूमवर, यंत्रमागावर, आणि लूम चालतो डोळ्यांवर. हजार धाग्यांतला एक तुटला तर तो दिसला पाहिजे. सुताची कांडी पोटात घेऊन धोटा इकडून तिकडे गोळीसारखा धावतो, तो कधी उडाला तर चुकवता आला पाहिजे. डोळे चिकटलेला माणूस लूमवर उभा राहणं म्हणजे खेळ नव्हता.

त्यातून आदल्या वर्षी गावात दंगल होऊन गेलेली. माणसं अजून एकमेकांच्या गल्लीत पाय टाकताना मागेपुढे बघत. थेंबांच्या बाटल्या घेऊन आम्ही निघालो, तर एका मोहल्ल्यात कुजबूज, की हे थेंब त्या लोकांनी बनवलेत, डोळे जातील. पलीकडच्या आळीत गेलो, तिथे तेच, फक्त 'ते लोक' वेगळे. मी बाईंना म्हटलं, पोलीस घेऊन येऊ या. बाईंनी ऐकलंच नाही. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"डोळे आले की तुम्ही काय घालता?" त्यांनी विचारलं.

म्हातारी सुरू झाली. गुलाबपाणी. बाळंतिणीचं दूध. धण्याचं पाणी. काजळ. पापण्यांवर चुना. बाई मन लावून ऐकत होत्या, मधेच थांबवून विचारत होत्या, धणे भिजवायचे की उकळायचे? बाया जमल्या. एकीने दुसरीची चूक काढली. भांडण लागायची वेळ आली. शेवटी बाई म्हणाल्या, "उकळून गार केलेलं धण्याचं पाणी पापण्या पुसायला चालेल. गुलाबपाणी राहू द्या. काजळ नको, एकीची काडी दुसरीच्या डोळ्यात जाते. चुना मात्र हातात सुद्धा घ्यायचा नाही. त्याने डोळा जातो, मी पाहिलाय."

म्हातारीने जरा विचार केला. मग म्हणाली, "तुझं काय आहे ते दाखव."

पहिले थेंब तिच्याच डोळ्यांत पडले. त्या ओट्यावर आम्ही दुपारपर्यंत होतो.

नगरपालिकेची सभा भरली. मी बाईंच्या मागे फायली धरून बसले होते. अध्यक्ष स्वतः मोठे लूममालक, पांढरे कपडे, बोलायला गोड. सभेने सिनेमाची थिएटरं बंद ठेवायचा ठराव केला. तलावात पोहायला बंदी केली. शाळा बंद ठेवायचा ठराव तर एकमताने झाला. मे महिना होता, शाळा बंदच होत्या. न्हाव्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला उकळलेला टॉवेल वापरावा, हा ठराव बाईंनी मांडला आणि तोही झाला, कारण सभेत न्हावी कुणी नव्हता.

मग बाईंनी लूमचं काढलं. ज्यांचे डोळे आलेत त्यांना लूमवर उभं करू नये.

सभागृहात एकदम हशा. एक सभासद म्हणाले, "मग भिवंडी बंदच करा की." अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. "बाई, कारखान्यात कोण कामाला यावं हे ठरवायचा अधिकार नगरपालिकेला नाही. तुम्ही थेंब द्या. थेंबांना पैसे कमी पडू देणार नाही."

बाईंनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात माणसं तोंड कशाने पुसतात?"

अध्यक्षांना प्रश्न कळला नाही. सभा पुढच्या विषयावर गेली.

चाचा मात्र दुखावले. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या बाकावर बसायला गेल्या तर त्यांनी पाठ फिरवली. "हमपे ही, डॉक्टरनी साहब? रोज यहीं बैठती हैं आप."

"रोज बसते म्हणून तर दिसलं," बाई मराठीतच म्हणाल्या. "एक टॉवेल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

चाचा त्यांच्याशी काही दिवस बोलले नाहीत. पण दुकानासमोर भला मोठा टोप चुलीवर चढवून टॉवेल उकळायला त्यांनीच आधी सुरुवात केली. इतकी वाफ, इतका धूर, की लोक बघायला थांबायचे. लवकरच नाक्यावर टोप नसलेल्या दुकानात कुणी हनुवटी पुढे करेना.

हे सगळं चाललं असताना आमच्या ह्यांचे डोळे आले.

आमचे हे अध्यक्षांच्याच कारखान्यात लूमवर होते. नारपोलीत, घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी उठले तर पापण्या उघडेनात. मी कोमट पाण्याने सोडवल्या, थेंब घातले, म्हटलं, आज जायचं नाही. ह्यांनी तोंड पुसलं, डबा घेतला आणि गेले. नर्सचा नवरा! मी दवाखान्यात आले तर बाटलीतले थेंब रोग्याच्या गालावर पडायला लागले.

बाईंनी बाटली माझ्या हातातून घेतली. "काय झालं?"

मी सांगितलं.

"ते घरी का बसत नाहीत?"

"मजुरी बुडेल म्हणून, दुसरं काय?"

"असं ते म्हणाले, की तुम्ही म्हणताय?"

खरंच, मी विचारलंच नव्हतं. जाऊ नका म्हटलं होतं, का जाता म्हटलं नव्हतं. बाईंनी कंपाउंडरवर दवाखाना सोपवला, छत्री उचलली आणि आम्ही नारपोलीला निघालो.

लूमच्या कारखान्यात आत शिरलं की पहिल्यांदा कान जातात. मग हळूहळू दिसायला लागतं. हवेत कापसाची म्हाताऱ्यांच्या केसांसारखी तूस, आणि ओळीने लूम. मी ह्यांना शोधलं. नाक अगदी धाग्यांना टेकेल इतके वाकून हे तुटलेला धागा हाताने चाचपत होते. डोळे म्हणजे दोन लाल फटी. शेजारच्या लूमवरचाही तसाच. त्याच्या पलीकडचाही. धोटा त्यांच्या कानाजवळून ये-जा करत होता आणि त्यांना तो दिसत नव्हता, हे मला दिसत होतं.

बाई सरळ त्यांच्या लूमला भिडून उभ्या राहिल्या. पातळाचा पदर फिरत्या पट्ट्याकडे उडाला. मुकादम ओरडत धावला आणि त्याने घाबरून ती रांगच बंद केली. त्या रांगेपुरती शांतता झाली. बाईंनी कांड्यांचं एक खोकं उपडं केलं आणि त्यावर बसल्या.

"घरी का जात नाही?" त्यांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई, घरी गेलो तं माझा लूम न्हाय राहनार."

"आणि मजुरी?"

"मजुरीचं काय, ही हाय कमावती. चार दिस निघतील कसंबी. पन दाराशी बगा, बदलीवाले उभेच हायत. आज मी उठलो का तो बसनार. आन एकदा का तो बसला, मंग मी दाराशी. ह्यो लूम मला लई वर्सांनी भेटलाय."

बाई पुढच्याकडे गेल्या. तो आजमगढकडचा. "तुम क्यूं नहीं जाता घर?" त्याने तेच सांगितलं, हिंदीत. तिसऱ्यानेही तेच. मजुरीचं नाव कुणी आधी घेतलं नाही. सगळ्यांचं एकच, लूम जाईल.

मुकादमाने निरोप धाडला होता, अध्यक्ष आले. डॉक्टरीण खोक्यावर बसलेली आणि रांग बंद, हे बघून त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढवला नाही. "बाई, हे काय?"

बाई उठल्या आणि त्यांना भिंतीपाशी घेऊन गेल्या. पाण्याच्या पिंपाजवळ खिळ्याला एक गमछा टांगलेला होता. मूळचा रंग कोणता होता ते सांगता येत नव्हतं.

"हा कुणाचा?"

अध्यक्षांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, "सबका है सेठ. पहले से है."

"दिवसपाळी यालाच तोंड पुसते, रातपाळी यालाच," बाई म्हणाल्या. "साऱ्या देशाला कापड पुरवता, आणि विणणाऱ्याला पुसायला एक."

अध्यक्ष त्या गमछ्याकडे बघत राहिले. ते रोज तिथून जात असणार. खाली मान घालून म्हणाले, "कापड लागेल तेवढं घेऊन जा. आजच पाठवतो."

"कापड घेईन. पण डोळे आलेल्या माणसाला घरी जाऊ द्या, आणि बरा होऊन आला की लूम त्याचा त्याला द्या. यात तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही हो," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "पण मी एकट्याने असं केलं, तर बाकीचे मालक मला दारात उभं करणार नाहीत. आणि मी त्यांच्या मतांवर अध्यक्ष आहे."

"मग?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू, बाई."

संध्याकाळी कापडाचे तागे दवाखान्यात येऊन पडले. आम्ही फाडून फाडून तुकडे केले आणि कारखान्या-कारखान्यांत वाटले. एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. कापड कोरं होतं, खळीने कडक, पत्र्यासारखं. डोळे पुसायला गेलं की ओरखडा. लोक हसले. कुणी त्याचा डबा बांधायला रुमाल केला, कुणी खिडकीला लावलं, एकाने लेकराची टोपी शिवली. मला वाईट वाटत होतं, पण बाई ज्याला त्याला थांबवून विचारत होत्या, "तुमच्या तुकड्याचं काय केलंत?" टोपी तर त्यांनी डोक्यावर घालून पाहिली. शेवटी आमच्या आळीतल्या बायांनी उरलेले तागे सोड्यात उकळून, आपटून मऊ केले. तेव्हा कुठे ते पुसायच्या कामाचे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या दारात असताना नगरपालिकेचा टांगा भोंगा लावून समोरून गेला. रोज त्यातून पाणी उकळा, हात धुवा असं सांगत. त्या दिवशी आवाज आला, "ऐका हो! ज्याचे डोळे आले असतील त्याने घरी बसावं. बरा होऊन येईल तेव्हा त्याचा लूम त्याचाच राहील. नगरपालिकेच्या हुकमावरून!" मग तेच हिंदीत.

मी आत धावले. "बाई, अध्यक्षांनी हुकूम काढला?"

बाई केळं खात होत्या. "ते बघू म्हणाले ना. बघायचं म्हणजे आधी काहीतरी समोर पाहिजे."

टांगेवाल्याला कागद बाईंनीच लिहून दिला होता. टांगा कोणत्या गल्लीतून कधी गेला ते दुपारपर्यंत कळतच होतं, कारण त्या त्या गल्लीतले कारखाने अर्धे रिकामे होत होते. आमचे हे घरी आले. कधी नव्हे ते खुशीत होते. "आता नगरपालिकेनंच सांगितलंय," म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपले. आणि मी बसले विचार करत. हे खोटं ठरलं तर ह्यांचा लूम जाणार, बाईंची नोकरी जाणार, आणि बाईंबरोबर माझीही.

मालक चवताळले. मुख्याधिकाऱ्यांनी बाईंना मेमो दिला. तातडीची सभा बोलावली. दोन कागद टाइप होऊन तयार होते. दवंडी मागे घेतल्याचा एक आणि बाईंना कामावरून दूर केल्याचा दुसरा. अध्यक्षांनी सही करायची तेवढी बाकी. उपाध्यक्ष डोळे येऊन घरी पडले होते, त्यामुळे सही करणारा एकच माणूस होता.

अध्यक्ष आले ते काळा चष्मा लावून. त्या दिवसांत अर्धं गाव काळ्या चष्म्यात होतं, कुणाला विशेष वाटलं नाही. सभागृह मालकांनी गच्च भरलेलं. मुख्याधिकाऱ्यांनी मेमो वाचला. मग विचारलं, "ही दवंडी कुणाच्या अधिकाराने दिलीत?"

बाई उभ्या राहिल्या. "कुणाच्याच नाही."

गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "लिहून घ्या, कबूल झाल्या!" कागद अध्यक्षांपुढे सरकवले गेले. त्यांनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. परत लावलं. परत काढलं. मी मागच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसले होते.

बाई मधल्या वाटेने चालत त्यांच्या टेबलापाशी गेल्या. बुटांचा आवाज येत नसे, म्हणून त्या जवळ गेल्यावरच लोक गप्प झाले.

"चष्मा काढा," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी वर पाहिलं. चष्मा जरासा नाकावर खाली घेतला. बाई वाकल्या, एका डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्यात. मग सरळ उभ्या राहून, भोंग्यातून बोलावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "तुमचे डोळे आलेत. घरी जा. बरे होऊन याल तेव्हा तुमची खुर्ची तुमचीच राहील."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. शेजारी बसलेल्या दोघा सभासदांनी आपापल्या खुर्च्या हळूच दूर ओढल्या. अध्यक्षांनी पेन खिशाला लावलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेले. कागद तसेच राहिले. सभा तहकूब झाली.

ते परत आले तोवर साथ उतरणीला लागली होती आणि दवंडी मागे घेण्यात कुणाला राम वाटत नव्हता. सगळ्या मालकांनी ती पाळली असं नाही. काहींचे लूम गेले. आमच्या चाळीतल्या दोघांचे गेले, ते पुन्हा दाराशी उभे राहिले. पण अध्यक्षांच्या कारखान्यात ती पाळली गेली. आमचे हे बरे होऊन गेले तेव्हा त्यांच्या लूमवर बदलीवाला होता. मुकादम म्हणाला, "उठ रे, सेठ का हुकुम है." तो उठला. उठताना ह्यांनी पाहिलं, त्याचे डोळे लाल. ह्यांनी त्याला सांगितलं, "घर जा. फिर दरवाजे पे आ, मैं सेठ को बोलेगा तेरा नाम." आणि पुढे दुसरा लूम रिकामा झाला तेव्हा खरंच बोलले.

साथ आमच्यामुळे गेली का, असं मी बाईंना विचारलं होतं.

"छे," बाई म्हणाल्या. "ती जायचीच होती. आपल्यामुळे काही डोळे वाचले असतील. किती, ते कळायला मार्ग नाही." आणि हे आपल्याला कळायला मार्ग नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

पुढच्या वर्षी बाईंच्या नेमणुकीची मुदत संपली. ती वाढवून मिळाली नाही. मेमोचा उल्लेख कुठे नव्हता. नुसतीच वाढवून मिळाली नाही. बाईंना जव्हारकडच्या एका दवाखान्यात काम मिळालं. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी. चाचा आले होते, त्यांनी ट्रंक टपावर चढवून दिली आणि सलाम करून गेले. आम्ही दोघी गाडी सुटायची वाट बघत उभ्या राहिलो.

इतक्या दिवसांत त्यांनी मला किती विचारलं होतं. मी त्यांना फारसं काही नाही. त्यांच्या नवऱ्याचं विचारावं असं ओठावर आलं होतं, पण धीर झाला नाही. मग दुसरंच निघालं.

"बाई, त्या दिवशी सभेत अध्यक्षांचे डोळे खरंच आले होते का हो?"

बाई माझ्याकडे बघून हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"थोडे लाल होते," त्या म्हणाल्या. "झोप नसली की होतात तेवढे. रात्रभर जागले असणार बिचारे."

"मग?"

कंडक्टरने घंटी दिली. बाई पायरीवर चढल्या, दांडा धरून वळल्या.

"अगं, त्यांना सही करायची नव्हती. कुणीतरी 'उठा' म्हणायला हवं होतं, एवढंच."